कुत्र्याचे दात का झिजतात? आधी झीज कुठे आहे ते बघा

प्रश्न: आमचा लॅब्रेडॉर साडेचार वर्षांचा आहे. त्याचे खालचे पुढचे दात जवळजवळ हिरडीपर्यंत झिजलेत आणि प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसतो. सुळे बोथट झालेत, खालचा डावा सुळा तर मागच्या बाजूने खरवडल्यासारखा दिसतो. जेवण व्यवस्थित आहे. आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो, संध्याकाळी मुलं त्याच्याशी बॉल खेळतात. पंजे चाटायची आणि मांडीजवळ कुरतडायची सवय त्याला आहे. शेजारचे म्हणतात कॅल्शियम कमी पडतंय, टॉनिक सुरू करा. हे नक्की कशामुळे झालं असेल आणि आता काय करावं?

उत्तर:

टॉनिकची बाटली आणली असेल तर ती कपाटातच राहू द्या. कॅल्शियम कमी पडल्यामुळे मोठ्या कुत्र्याचे दात असे झिजत नाहीत, आणि कॅल्शियम पाजून झिजलेला दात भरूनही येत नाही. दातावरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, दात हिरडीतून वर येण्याआधीच तयार झालेलं असतं. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर पडताना नष्ट होतात. त्यानंतर जेवढं गेलं तेवढं गेलं. शरीरातल्या कॅल्शियमचा खरोखर मोठा बिघाड झाला, उदाहरणार्थ मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या कुत्र्यात, तर जबड्याचं हाड मऊ पडतं आणि दात हलायला लागतात. झिजत मात्र नाहीत. उलट लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना पहिल्या सहा महिन्यांत हौसेने जास्तीचं कॅल्शियम पाजलं तर त्यांच्या हाडांची वाढ बिघडते, कारण आतड्यातून किती शोषायचं यावर त्या वयात शरीराचा ताबा पुरेसा नसतो. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण झिजलेले दात घेऊन येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या पिशवीत अशी बाटली असतेच.

मुळात कुत्र्याच्या दातावरचं इनॅमल फार पातळ असतं. माणसाच्या दाढेवर ते अडीच मिलिमीटरपर्यंत असू शकतं. कुत्र्याच्या दातावर एक मिलिमीटरसुद्धा नसतं, बऱ्याच ठिकाणी अर्धाही नाही. ते एकदा घासून गेलं की खालचा थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो, आणि डेंटिन त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ. म्हणून झीज सुरुवातीला हळू असते आणि नंतर एकदम वेग घेते. ‘मागच्या दिवाळीला तर बरे होते हो’ असं लोक म्हणतात, ते खरंच असतं.

आता कारणांकडे. माझा अनुभव असा, की कारण शोधताना ‘काय खातो’ यापेक्षा ‘कुठे झिजलंय’ हा प्रश्न जास्त कामाचा. तोंडात बेचाळीस दात असतात आणि कुठलीच सवय सगळ्यांना सारखी घासत नाही. पटाशीचे दात एका कारणाने झिजतात, सुळ्यांची मागची बाजू दुसऱ्याच, दाढांची टोकं तिसऱ्या. तुमच्या वर्णनातच दोन वेगवेगळ्या जागा आल्या आहेत, त्यामुळे तुमच्याकडे एकच कारण नसावं असं मला आताच वाटतंय.

बघायचं कसं तेही सांगतो. कुत्रा शांत असताना ओठ बाजूने वर उचला, तोंड उघडायची गरज नाही. मोबाइलचा टॉर्च लावून समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो घ्या. मागची बाजू बघायला जरा जबडा उघडावा लागतो. त्याला ते आवडत नसेल तर सोडून द्या. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या: ज्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं नाही किंवा माहीत नाही, आणि जो अचानक लाळ गाळतोय, ज्याचा जबडा लोंबतोय, ज्याला गिळता येत नाही, त्याच्या तोंडात हात घालू नका. ‘घशात हाड अडकलंय’ असं समजून रेबीज झालेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारे लोक आपल्याकडे आहेत.

तुमच्या कुत्र्याच्या पुढच्या खालच्या दातांपासून सुरू करतो, कारण तिथला संशय लोकांना सहसा येत नाही. पटाशीचे दात हे कुत्र्याचं अंग खाजवायचं मुख्य हत्यार. खाज सुटली की तो या बारीक दातांनी कातडी चिमटीत धरल्यासारखी धरतो आणि भराभर कुरतडतो. केस मऊ असतात खरे, पण त्यांच्यात धूळ आणि माती असते, आणि हे रोज हजारो वेळा चालतं. दोन-तीन वर्षांत खालचे पटाशीचे दात अर्धे होतात. पिसवांची अ‍ॅलर्जी असेल तर कुरतडणं शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागच्या भागावर दिसतं. घरातली धूळ, परागकण, बुरशी यांची किंवा खाण्यातल्या एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर पंजे, पोट, काखा आणि कान. फिक्या रंगाच्या कुत्र्यात आणखी एक खूण सापडते: सतत चाटलेल्या जागेचे केस लाळेने तांबूस होतात. तुमचा लॅब पिवळा असेल तर पंजांच्या बोटांमध्ये बघा. आणि ओठ उचलल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या फटींत, हिरडीच्या कडेला बारीक केस खोचलेले दिसतात का तेही बघा. ते केस दिसले की मला दुसरा पुरावा फारसा लागत नाही.

‘पण डॉक्टर, त्याच्या अंगावर एकही पिसू नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला अंगभर पिसवा लागत नाहीत, थोडेच चावे पुरतात. आणि तो इतका कुरतडतो की सापडलेली पिसू गिळूनही टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतरच्या दमट हवेत हे वाढतं, कोकणपट्टीत तर वर्षभर असतं. एक ओला पांढरा टिश्यू घ्या, बारीक कंगव्याने निघालेली काळी पूड त्यावर टाका. पूड लालसर विरघळली तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर मातीच राहील.

आता बॉल. टेनिस बॉलवरची लव लोकरीची आणि नायलॉनची असते. ती नुसतीच थोडीफार घासते. तिच्यात माती, वाळू, टर्फवरचे कण अडकले की तोच बॉल सँडपेपरसारखा काम करतो. त्यात लाळ मिसळते, कुत्रा तो तोंडात फिरवत राहतो, दाबतो, सोडतो. बॉल तोंडात सुळ्यांच्या मागे बसतो, त्यामुळे झीज दिसते ती सुळ्यांच्या मागच्या बाजूला आणि त्यांच्या लगेच मागच्या लहान दाढांच्या टोकांवर. पटाशीचे दात त्यात फारसे सापडत नाहीत. वाळूतलं क्वार्ट्झ हे कठीणपणाच्या मोजपट्टीवर 7 वर येतं आणि इनॅमल साधारण 5 वर, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत लोळलेला बॉल कुत्र्याकडे पुन्हा पुन्हा फेकणं म्हणजे काय ते लक्षात येईल. आणणं आणि सोडणं एवढंच करणाऱ्या कुत्र्याचं विशेष बिघडत नाही. बॉल मिळाला की कोपऱ्यात बसून तासभर चघळणारा जो असतो, त्याचं बिघडतं. तुमचा यातला कुठला, हे मुलांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असेल.

सुळ्याच्या मागच्या बाजूची झीज आणखी एका गोष्टीने होते, आणि तुम्ही दोघं दिवसभर बाहेर असता म्हणून ती विचारायलाच हवी. पिंजऱ्याचे गज, बाल्कनीचं ग्रिल, सेफ्टी डोअरची जाळी, गळ्यातली साखळी. एकटा पडलेला, कंटाळलेला किंवा घाबरलेला कुत्रा लोखंड दातांत धरून मागे ओढतो. त्याने सुळ्याच्या मागच्या अंगाला खाच पडते, अगदी कानस मारल्यासारखी, आणि पुढून बघितलं तर दात धडधाकट वाटतो. ही खाच वाईट असते. दाताची जाडी नेमकी तिथे कमी होते आणि एखाद्या दिवशी तो सुळा कडकन मोडतो, बहुतेकदा ओढाताणीच्या खेळात. बॉलची झीज पसरट आणि गुळगुळीत असते, लोखंडाची खोलगट आणि एका जागी. कधी दातावर करड्या धातूच्या रेघाही दिसतात. सेफ्टी डोअरच्या खालच्या भागाचा रंग उडालाय का, गज चकचकीत झालेत का, ते आज संध्याकाळी घरी गेल्यावर बघा. शेजाऱ्यांना विचारा की दुपारी खडखडाट ऐकू येतो का. जमलं तर जुना मोबाइल लावून एक दुपार रेकॉर्ड करा.

श्वानपथकांतल्या आणि राखणीच्या कुत्र्यांत दोन्ही प्रकार एकत्र भेटतात: कुंपणाची जाळी चावणं आणि चावा घ्यायच्या सरावात जाड बाही ओढणं. तिथे सुळा हे नोकरीचं साधन असल्यामुळे धातूची टोपी बसवायचा विचार लवकर करतात.

दगड चघळणारे कुत्रे हा आपल्याकडचा खास विषय. बांधकामाशेजारी वाढलेली पिल्लं खडी उचलतात, गावाकडची नदीतले गोटे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागातला दगड काळा पाषाण, त्यातली बरीच खनिजं इनॅमलपेक्षा कठीण. या कुत्र्यांत पटाशीचे दात, सुळ्यांची टोकं आणि दाढा असं जवळजवळ सगळंच सपाट होतं, आणि मधेच एखादा दात फुटलेलाही सापडतो. खेळ म्हणून दगड उचलणारे बरेच असतात. पण माती, दगड, भिंतीचा चुना असं अचानक चाटायला-खायला लागलेल्या कुत्र्याची विष्ठा आणि रक्त तपासल्याशिवाय त्याला ‘सवय’ म्हणू नये. जंत, विशेषतः आकडेकृमी, रक्त पीत असतात आणि रक्तक्षय झालेले कुत्रे असं काहीबाही खातात. शिवाय दगड गिळला तर आतड्यात अडकतो, मग दातांची गोष्ट मागे पडते आणि थेट पोटाचं ऑपरेशन पुढे येतं.

दात एकमेकांवर घासून होणारी झीज वेगळी ओळखू येते. साधारणपणे कुत्र्याचे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसतात, कात्रीसारखे. काही कुत्र्यांत ते टोकावर टोक बसतात, काहींत खालचा जबडाच पुढे असतो. पग, शिह-त्झू, बॉक्सर, बुलडॉग यांत तर ते जातीचंच लक्षण आहे. मग जिथे जिथे दाताला दात भिडतो तिथे सपाट, चकचकीत पृष्ठभाग तयार होतो. तोंड मिटल्यावर वरची सपाटी खालच्या सपाटीवर तंतोतंत बसली तर कारण हे. बसत नसेल तर बाहेरची वस्तू शोधा. ही एक चाचणी तुम्ही घरीही करू शकता. नेमकी ठरावीक जागा झिजलेली आणि समोरचा जोडीदार दातही तसाच.

आम्लाने दात विरघळणं माणसांत, सारखी कोल्ड्रिंक पिणाऱ्यांत वगैरे, बरंच आढळतं, कुत्र्यांत क्वचित. महिनोन्‌महिने उलट्या होणाऱ्या कुत्र्यात विचार करावा, एरवी नाही. कोरड्या दाणेदार खाद्याने दात झिजतात का, हेही लोक विचारतात. नाही झिजत.

काही गोष्टी झीज नसून झिजेसारख्या दिसतात, आणि इथे चुकीच्या दिशेने उपचार होतात. पहिली म्हणजे जन्मतः नव्हे, पण बालपणी बिघडलेलं इनॅमल. कायमच्या दातांचं इनॅमल पिल्लू दोनेक आठवड्यांचं असल्यापासून तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या काळात डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) झाला, फार मोठा ताप आला, तर बनवणाऱ्या पेशीच मार खातात. पुढे दात येतात ते खड्ड्यांचे, तपकिरी, खरबरीत पट्टे असलेले, आणि एकाच पातळीवर अनेक दातांवर. एकाच दाताला असेल तर त्या जागच्या दुधाच्या दाताला कधीतरी मार बसलेला असतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, लस न मिळालेल्या पिल्लांत हे खूप बघायला मिळतं, सोबत कधी पायाचा किंवा डोक्याचा सततचा झटकाही राहिलेला असतो. असा दात कमकुवत असतो, त्यामुळे तो पुढे लवकर झिजतोही. लस वेळेवर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, देणं हा दातांचाही उपाय आहे, असं मी लोकांना सांगतो तेव्हा ते जरा चमकतात.

दुसरी गोष्ट रंग. लहानपणी टेट्रासायक्लिन गटाची अँटिबायोटिक औषधं मिळाली तर सगळेच दात पिवळसर-तपकिरी राहतात. तो फक्त रंग आहे, दात झिजलेला नसतो. मात्र एकच दात जांभळट, गुलाबी किंवा राखाडी झाला असेल तर तो आतून मार खाल्लेला आहे, आत रक्तस्राव झालाय, आणि असे बहुतेक दात मेलेलेच निघतात. दिसायला पूर्ण, न मोडलेला दात असतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त भेटणारी, वरच्या चौथ्या लहान दाढेचा टवका. नाव ‘लहान दाढ’ (प्रीमोलर) असलं तरी ही वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी, कातरणारी दाढ. कुत्रा कठीण वस्तू तिथेच नेऊन फोडतो: मटणाची शिजवलेली जाड नळी, वाळलेला खूर, कडक नायलॉनचं हाड, हल्ली मिळणाऱ्या चीजच्या दगडासारख्या कांड्या. दाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटतो, आतली नस उघडी पडते. कुत्रा दोन दिवस जरा गप्प राहतो आणि पुन्हा जेवायला लागतो. काही महिन्यांनी डोळ्याच्या खाली सूज येते, फुटते, पू येतो. मालक म्हणतात काहीतरी चावलं, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, जखम भरते, महिन्याभरात परत त्याच जागी. डोळ्याखालची ही वारंवार फुटणारी जागा दिसली की ओठ उचलून त्या बाजूची वरची दाढ बघा. उत्तर तिथे असतं, मलमात नसतं. काय चघळायला द्यावं, याचा साधा नियम: ज्यात अंगठ्याचं नख रुततं ते चालेल. जे तुमच्या गुडघ्यावर मारून घ्यायची तुमची तयारी नाही, ते त्याच्या दातांनाही देऊ नका. परदेशी व्हिडिओंत हरणाची शिंगं चघळायला दिलेली दाखवतात. ती दात फोडतात हा एक भाग. आपल्याकडे सांबर-चितळाचं शिंग, गळून पडलेलं असलं तरी, विकणं किंवा बाळगणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे.

जाता जाता, झिजलेल्या दातांवरून वय सांगू नका. पुढच्या दातांची नक्षी कधी पुसली जाते यावरून वय काढायची जुनी पद्धत आहे, पण वरची सगळी कारणं वाचल्यावर ती का फसते ते कळेल. दगड चघळणारा तीन वर्षांचा गावठी कुत्रा ‘म्हातारा आहे’ म्हणून कुणी दत्तक घेत नाही, हे मी पाहिलंय.

आता तुमच्या त्या तपकिरी ठिपक्याविषयी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. दात हळूहळू झिजत असेल तर आतली नस गप्प बसत नाही. ती आतल्या बाजूने नवं डेंटिन लिंपत मागे सरकत जाते. हे नवं डेंटिन गडद असतं, म्हणून झिजलेल्या दाताच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसतो. तो कठीण, गुळगुळीत, चकाकणारा असेल, आम्ही टोकदार सुईसारखं उपकरण त्यावरून फिरवलं की ते घसरून जात असेल, तर नस झाकलेली आहे. ही चांगली बातमी. झीज वेगाने झाली तर नसेला लिंपायला वेळ मिळत नाही; मग मधोमध काळं भोक असतं, सुईचं टोक त्यात आत जातं. म्हणजे नस उघडी पडून मेली आहे आणि जंतूंना मुळापर्यंत सरळ रस्ता मिळालाय. मधोमध लाल ठिपका असेल, रक्त येत असेल, तर नस आत्ता ताजी उघडी पडली आहे आणि ते प्रचंड दुखतं. घरी सुई, टाचणी, टूथपिक असलं काही वापरून हे तपासू नका. जिवंत नसेला टोचलंत तर कुत्रा चावेल आणि त्यात त्याची चूक नसेल. भोक आहे की ठिपका, हे चांगल्या उजेडात घेतलेल्या फोटोतही बऱ्यापैकी कळतं.

‘जेवतोय म्हणजे दुखत नसणार’ हा समज सोडा. कुत्रे दुखऱ्या दातानिशी जेवतात. बारीक खुणा बघा: एकाच बाजूने चावणं, कडक बिस्कीट तोंडातून पाडणं, ओढाताणीचा खेळ बंद करणं, तोंड फरशीला घासणं, डोक्याला हात लावू न देणं. एका बाजूच्या दाढांवर किटण जास्त आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल तर किटणवाल्या बाजूने तो चावत नाही, म्हणजे दुखणं बहुधा तिकडे आहे. लोक नेमकं उलटं समजतात.

उपचार काय, तर ठिपका तपकिरी आणि कठीण असेल, एक्स-रेत मुळाशी काही नसेल, तर त्या दाताला काहीच करायचं नाही. सवय थांबवायची आणि लक्ष ठेवायचं. फक्त वरून बघून हा निर्णय पक्का होत नाही, कारण वरून झाकलेला दातही आत मेलेला असू शकतो. दाताचा एक्स-रे भूल देऊन काढावा लागतो. नस उघडी असेल तर दोनच मार्ग: रूट कॅनाल किंवा दात काढणं. ‘बघू पुढे’ हा तिसरा मार्ग नाही. पटाशीचे छोटे दात सरळ काढून टाकावेत, कुत्र्याचं काही अडत नाही. सुळा आणि ती वरची मोठी दाढ यांची मुळं लांब आणि जबड्याच्या आकाराला धरून असतात, तिथे रूट कॅनाल शक्य असेल तर विचार करावा. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याचा दात ताजा मोडला असेल आणि 48 तासांच्या आत पोचलात तर नस जिवंत ठेवूनही दात वाचवता येतो, तेव्हा अशा वेळी सोमवारची वाट बघू नका. पांढरं सिमेंट भरून झिजलेला दात पुन्हा उंच करून द्या अशी मागणी येते. सवय तशीच राहिली तर ते भरलेलं काही दिवसांत निघून जातं, पैसे वाया.

भूल न देता दात साफ करून देणारे लोक आता सोसायट्यांत घरपोच येतात. त्यांच्याकडून झिजलेल्या दातांना हात लावून घेऊ नका. वरचं दिसणारं किटण जातं, हिरडीखालचं राहतं, आणि खरवडताना उघड्या डेंटिनवर घाव बसतो. तसंच घरचं मंजन, मीठ, राखुंडी काही घासू नका. माणसांची टूथपेस्टही नको, तिच्यातलं फ्लोराइड कुत्रा गिळतो आणि काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, जो कुत्र्याला विषारी आहे. दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल देऊ नका. दाताचं राहील बाजूला, जठराला व्रण पडतील नाहीतर मूत्रपिंडं किंवा यकृत जाईल.

तुमच्या कुत्र्यापुरतं माझं मत असं. पुढचे दात खाजेने झिजलेत. पंजे आणि मांड्या तुम्हीच लिहिल्या आहेत. त्यामुळे दातांच्या आधी कातडीचा उपचार: पिसू-गोचिडीचं औषध वर्षभर, वेळच्या वेळी, घरातल्या सगळ्या प्राण्यांना; कातडी खरवडून तपासणी; आणि त्यानंतरही खाज राहिली तर खाण्याच्या अ‍ॅलर्जीची पथ्याची चाचणी, जी आठ आठवडे तरी काटेकोर पाळावी लागते. त्यात आजीने प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडासुद्धा चालत नाही, आणि ती चाचणी बहुतेक घरांत नेमकी तिथेच मोडते. खाज दाबणाऱ्या गोळ्या आता चांगल्या आल्या आहेत, पण त्या कारण शोधायच्या ऐवजी नाहीत.

सुळ्याचं कारण बॉल की ग्रिल, हे एका दुपारच्या रेकॉर्डिंगने ठरेल. मला ग्रिलचा संशय थोडा जास्त आहे, कारण झीज एकाच सुळ्याला ठळक आहे आणि कुत्रा गज बहुधा ठरावीक बाजूनेच धरतो. ग्रिलच निघालं तर त्यावर मिरचीपूड किंवा कडुनिंब चोळू नका. घाबरलेला कुत्रा त्याने शांत होत नाही, दुसरं काहीतरी चावतो. सकाळी निघण्याआधी पंधरा मिनिटांची नाही, चांगली दमवणारी फेरी, दुपारी कुणीतरी एक चक्कर, बाल्कनीऐवजी आतली खोली, आणि जेवणाचा काही भाग रबरी खेळण्यात भरून ठेवणं, इथून सुरुवात करा. तरीही तुम्ही गेल्यावर तो भुंकत, लाळ गाळत, दार ओरबाडत असेल तर तो एकटेपणाचा आजार आहे, त्याला वर्तनाचा उपचार आणि कधी औषधही लागतं. बॉल मात्र कसंही असो, बदलाच: लव नसलेला, मऊ रबराचा, त्याच्या घशात जाणार नाही एवढा मोठा, आणि खेळ संपला की उचलून ठेवायचा.

डॉक्टरांकडे जाताना फोटो, रेकॉर्डिंग आणि लसीकरणाचं पुस्तक न्या. दाताचा एक्स-रे सगळीकडे होत नाही. मुंबई-पुण्यात काही खासगी दवाखान्यांत सोय आहे. त्याबाहेर असाल तर मुंबईतलं परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी फोन करून विचारा. भूल देण्याआधीच्या रक्ततपासणीत मूत्रपिंड आणि यकृताबरोबर प्लेटलेट्स मोजायला आवर्जून सांगा. गोचीडतापात प्लेटलेट्स उतरतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, आणि दात काढल्यावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट्स कमी निघाल्या तर आधी गोचीडतापाचा उपचार, दात दोन-तीन आठवडे थांबू शकतो.